अटकण

पाचगणीतल्या आमच्या घराचं मागचं दार वाऱ्यानं आपटतं. ते आपटू नये म्हणून आई त्याच्या तळाशी एक लाकडी ठोकळा सरकवून ठेवते. बाभळीचा आहे. दीड वीत लांब, वीतभर रुंद, एका अंगानं जाड आणि दुसऱ्या अंगाला तासून उतरता केलेला. जाड बाजूला भोक आहे, त्यात कधीकाळी दोरी ओवलेली असायची. उतरत्या अंगावर मधोमध दोन बोटं रुंदीची खाच आहे. ती कुणी कोरलेली नाही. बैलगाडीच्या लोखंडी धावेनं ती पडली, वर्षानुवर्षं एकाच जागी भार घेऊन घेऊन. बोट फिरवलं तर आतून गुळगुळीत लागते. आमच्या घरात याला अटकण म्हणतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, २०२१च्या जुलैत गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. घरात त्यांच्या वस्तू बऱ्याच आहेत, चष्मा आहे, टोपी आहे, लायसन्सची फाटकी पुस्तकं आहेत. पण दार उघडताना पाय या ठोकळ्याला लागला की मी थांबते. कारण अण्णांच्या हातात आलेलं पहिलं काम म्हणजे हा ठोकळा.

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, दोन बैलगाड्या होत्या. वाठार स्टेशन ते पाचगणी हा त्यांचा रस्ता. आज पाचगणीला येणाऱ्या कुणाच्या ध्यानीमनीही वाठार नसतं. गाडी सुरूर फाट्याला वळते, वाई येते आणि घाट लागतो. पण पुणे-मिरज रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, तेव्हापासून मोटारींचे दिवस येईपर्यंत वाई, पाचगणी, महाबळेश्वर या सगळ्यांचा दरवाजा वाठारला होता. ती लाइन मीटर गेजची. मुंबई ते पुणे मोठा रूळ आणि पुण्यापुढं लहान. त्यामुळं मुंबईचा माल पुण्यात एका वाघिणीतून उतरायचा, हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढायचा आणि मग वाठारच्या गुदामात येऊन पडायचा. तिथं हुंडेकरी असायचा. स्टेशनापासून व्यापाऱ्याच्या दारापर्यंत माल सुखरूप पोचवायची जबाबदारी ठरलेल्या रकमेत आपल्या अंगावर घेणारा माणूस. त्यानं ती घेतली की पुढची सगळी जोखीम आबांच्या बैलांच्या खांद्यावर यायची.

साखरेची पोती, रॉकेलचे डबे, कापडाच्या गाठी, लोखंडी पत्रे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ साली पाचगणीत क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या बेल-एअरकडं जाणाऱ्या खोक्यांवर काच असल्याची खूण असायची, ती खोकी आबा गवतात बसवून न्यायचे. शाळा उघडायच्या वेळी वसतिगृहातल्या मुलांच्या लोखंडी ट्रंका यायच्या, त्यांवर पांढऱ्या रंगात इंग्रजी नावं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. पण कुठली ट्रंक सेंट पीटर्सची, कुठली किमिन्सची, कुठली संजीवनची, हे ते कुलपावरून, पोच्यावरून, कोपऱ्याच्या गंजावरून ओळखायचे. दरवर्षी तीच ट्रंक, मूल मोठं झालेलं. मे महिन्यात तर गाड्यांना उसंत नसायची. पाऊस लागायच्या आत सगळ्या गावाची आगोटीची बेगमी वर चढवायची असायची, धान्य, गूळ, मीठ, मिरची, सगळं. एकदा आषाढ लागला की घाटात ढग उतरायचे आणि समोरच्या बैलाची शिंगं दिसायची नाहीत.

आबा म्हणायचे, आम्ही चाकं आणली एवढंच, वाटा आमच्या आधीच्या. त्यांच्या आज्याच्या तोंडून त्यांनी लमाणांच्या तांड्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. कोकणातलं मीठ सावित्रीच्या खाडीनं महाड बंदराला यायचं आणि तिथून पाठाळांवर लादून पार घाटानं वर. खाली जाताना त्याच गोण्यांतून धान्य. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला, त्यानं दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. अरुंद वाटेवर असा तांडा आडवा आला तर दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे म्हणे. बायका-पोरांसकट चालणारं ते अख्खं गावच. आगगाडी आली आणि मीठ डब्यातून जाऊ लागलं, तसे ते तांडे रस्त्यावरून उठले. पुढं त्यांचं काय झालं हे आबांच्या गोष्टीत कधी यायचं नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, “गेले बिचारे, जिकडं काम मिळंल तिकडं.”

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. पेट्रोलवर रेशन आलं, मोटारींच्या मागं कोळशाच्या गॅसच्या टाक्या बसल्या, अशा मोटारी घाटात धापा टाकत बंद पडायच्या. बैलगाड्यांना पुन्हा बरे दिवस आले. आबांना माणूस कमी पडायला लागला, म्हणून आठ-नऊ वर्षांच्या अण्णांची शाळा सुटली आणि त्यांच्या हातात ही अटकण आली.

वाठारहून संध्याकाळी जुंपलेल्या गाड्या उजाडताना वाईला पोचायच्या. दिवसभर कृष्णाकाठी बैलांना चारापाणी, ढोल्या गणपतीला हात जोडणं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा जुंपणी. पसरणी गावात पुढं आणखी एक बैलजोडी लावायची आणि घाट सुरू. चढावर बैल सलग चालत नाहीत. वीस-पंचवीस पावलं ओढतात, थांबतात, फुसफुसतात, पुन्हा ओढतात. थांबले त्या क्षणी गाडी मागं यायला बघते. त्या क्षणी मागच्या पोरानं वाकून चाकाखाली ठोकळा सारायचा. आबा ओरडायचे, “लाव अटकण!” आणि बैलांनी दम घेतला की, “काढ अटकण!” दोरीला हिसका, ठोकळा हातात, की पुन्हा पंचवीस पावलं. पसरणीपासून वरपर्यंत असं किती वेळा, ते अण्णांनी एकदा मोजायचा प्रयत्न केला होता. दोनशेच्या पुढं त्यांना झोप आली. चालता चालता झोप यायची, ते सांगायचे, पण “लाव” म्हटलं की हात आपोआप जायचा. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीला नख नव्हतं. ते या ठोकळ्याखाली गेलं.

एका पहाटे रिकाम्या गाड्या उतरत होत्या. कुणा लॉरीवाल्यानं चढावर चाकामागं लावलेला दगड तसाच रस्त्यात टाकून दिला होता. अंधारात आमच्या पुढच्या गाडीचं चाक त्यावर चढलं, गाडी कलंडली आणि पाखऱ्या नावाचा बैल खाली सापडला. त्याचा पाय मोडला. बुवासाहेबांच्या देवळाजवळ तो दुपारपर्यंत पडून होता आणि अण्णा त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या वारत बसले होते. त्यानंतर आबांनी एकच गाडी ठेवली. ती आणखी काही वर्षं चालली. मग वाठारला जाण्यासारखं काही उरलंच नाही, कारण माल थेट मुंबईहून लॉरीत बसून दारात यायला लागला.

स्वातंत्र्याच्या सुमाराला देशातल्या एकूण मालाचे दहातले आठ-नऊ हिस्से रेल्वेनं जायचे. आज तीन हिस्सेही जात नाहीत. रस्ते झाले, डिझेल आलं, आणि रेल्वेनंही पाच-दहा पोत्यांच्या सुट्या मालाकडं पाठ फिरवून कोळसा, सिमेंट, खतांच्या भरल्या रेकींकडं लक्ष दिलं. १९७०च्या आगेमागे पुणे-मिरज मार्गाचा रूळ मोठा झाला, पुण्यातली ती वाघिणी बदलायची कटकट संपली, पण तोवर आमच्या घाटाचा माल वाठार विसरला होता.

अण्णा आधी क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, आणि मी जन्मले त्याच्या दुसऱ्या वर्षी वाईच्या एका मालकाकडून त्यांनी जुना ट्रक घेतला. टाटा-मर्सिडीज, पुढं लांब तोंड असलेला. पाचगणी-महाबळेश्वरचा बटाटा, गाजर, फरसबी आणि थंडीत स्ट्रॉबेरी. या पिकांचा उगम सांगताना अण्णा हटकून चिनी कैद्यांची आठवण काढायचे. इंग्रजांनी महाबळेश्वरच्या तुरुंगात आणून ठेवलेल्या त्या कैद्यांनी इथं परदेशी भाज्यांचे मळे फुलवले. १८६४ला तो तुरुंग बंद झाला, मळे राहिले. “कुठल्या कुठं आणून टाकलेली माणसं,” अण्णा म्हणायचे, “आणि बटाटा आपला झाला.”

दुपारी भिलारकडून करंड्या यायच्या. बुरडांनी विणलेल्या, आत गवत, गवतावर पानं, पानांवर फळ. करंड्यांची थप्पी लावणं हे अण्णांचं स्वतःचं काम, त्याला ते क्लीनरला हात लावू देत नसत. खालच्या थराला बटाट्याची पोती, त्यावर फळ्या, मग करंड्या, दोन रांगांत हात जाईल एवढी फट, वाऱ्याला. वरून ताडपत्री सैल. मग दोर. दोराला पीळ देऊन मधेच एक फास करायचा, मोकळं टोक खालच्या कडीतून घालून त्या फासात ओवायचं आणि सगळं अंग टाकून खाली खेचायचं. दोर तारेसारखा ताणला जायचा. त्यावर ते बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचे. आवाज आवडला की म्हणायचे, “चला.”

पण माझ्या लेखी तो ट्रक म्हणजे करंड्या नव्हत्या. माझ्या लेखी तो ट्रक म्हणजे ड्रायव्हरच्या सीटमागची फळी. तिच्यावर गावाचं सामान असायचं. कुणाच्या गिरगावातल्या लेकीसाठी लोणच्याची बरणी, कुणाच्या लालबागच्या मिलमधल्या नवऱ्यासाठी बाजरीचं पीठ, कुणाचं बाळंतपणाच्या डिंकाच्या लाडवांचं गाठोडं. कागद नाही, पावती नाही, भाडं तर नाहीच. पत्ता म्हणून तोंडी खूण, “भारतमाताच्या मागं, पिंपळाच्या चाळीत, तिसरा मजला, नळाजवळची खोली.” अण्णा कधी लिहून घेत नसत. परत येताना तीच माणसं फळीवर काहीतरी ठेवायची. औषध, शाळेची पुस्तकं, साडी, आणि बऱ्याचदा नुसता निरोप. “तब्येत उतरलीय, पण काम सुटलेलं नाही,” असा निरोप अण्णा दारात उभे राहून सांगायचे आणि बाई पदर डोळ्याला लावायची. लहान होते तेव्हा वाटायचं, ट्रक माणसांचे चेहरे बघून येतो.

१९७३च्या डिसेंबरात मी दहा वर्षांची होते, शाळेला सुट्टी होती, आणि आईचं न ऐकता अण्णांनी मला मुंबईला नेलं. क्लीनर आणि त्यांच्यामधे घोंगडीवर बसून. खंबाटकी उतरताना इंजिनाची ऊब पायाला लागत होती. शिरवळला चहा. कात्रजच्या बोगद्यात मी डोळे मिटले. बोरघाटात उतारावरची गर्दी आणि चढून येणाऱ्या ट्रकांचे दिवे, एकामागं एक. घाटाचा नियम त्यांनी मला तिथं शिकवला. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण उतरणारा थांबून पुन्हा निघू शकतो, भरलेला चढणारा थांबला की तो हरलाच. आणि दुसरा नियम त्यांचा स्वतःचा. क्लीनरनं चाकामागं लावलेला दगड काढून कडेला ठेवल्याशिवाय गाडीत पाय ठेवायचा नाही. ट्रक हलायचा आणि क्लीनर बिचारा दगड कडेला ठेवून पळत येऊन लोंबकळत आत चढायचा. दुसऱ्या कुणी टाकून दिलेला दगड हेडलाइटमध्ये दिसला तरी अण्णा ट्रक थांबवत. त्या एका रात्रीत ते तीनदा उतरले. ही अटकण तेव्हा सीटखाली होती. ट्रकच्या चाकाला ती लहान पडायची, तिचा उपयोग काही नव्हता.

मुंबईच्या वेशीवर जकात नाक्याची रांग, मग झोपलेलं शहर, आणि पहाटे भायखळ्याची भाजी मंडई. तिथं मला आश्चर्य वाटलं ते भाषेचं. एवढ्या मोठ्या मुंबईत सगळे आमच्यासारखंच बोलत होते. पाठीवर पोतं घेणारा जावळीचा, तोलणारा पाटणचा, चहावाला मेढ्याचा. सातारच्या डोंगरातली ही माणसं. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटील झगडले आणि १९६९ला माथाडी कायदा झाला, मजुरीला नाव-गाव लागलं, हे मला पुढं कळलं. त्या पहाटे एवढंच दिसलं की आमच्या डोंगरात भरलेलं पोतं आमच्याच डोंगरातल्या खांद्यावर उतरतंय. एकानं मला उचलून गाजरांच्या ढिगावर बसवलं आणि गावाकडं पाऊस कसा झाला ते विचारलं. स्ट्रॉबेरी घेऊन मग आम्ही क्रॉफर्ड मार्केटला गेलो. दुपारी त्या फळीवरच्या पिशव्या वाटत चाळी चढलो. नळाजवळची खोली सापडली.

सगळ्याच रात्री अशा नव्हत्या. पुढं एकदा, मी कॉलेजात असताना, बोरघाटात अपघात होऊन रस्ता चौदा तास अडला. ऊन वर आलं. ट्रकच्या फळ्यांमधून लाल थेंब गळायला लागले आणि रस्त्यावर ओघळ झाला. लोकांना रक्त वाटलं. अण्णा परत आले ते थेट घरी न येता भिलारला गेले, ज्यांच्या करंड्या होत्या त्या प्रत्येकाच्या दारात. रात्री उशिरा घरी येऊन जेवायला बसले आणि हात धुताना म्हणाले, कुणीच काही बोललं नाही. एका म्हातारीनं तर उलट दुधाचा पेला दिला. ते त्यांना बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं होतं.

१९९६ला मुंबईचा फळ-भाजी बाजार वाशीला गेला. अण्णा दोन-तीन वर्षं गेले तिथं. मग डोळे कमी झाले आणि ट्रक विकला. धाकट्या भावानं पिकअप घेतली. आता करंडी नाही, पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे, त्यांवर पुठ्ठ्याचे खोके, थंड हवेची व्हॅन. मुंबईची जकात १ जुलै २०१७ला संपली, नाके ओस पडले. पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं. टोलला फास्टॅग आला. माल लवकर पोचतो, कमी नासतो, शेतकऱ्याला पैसे खात्यात मिळतात. हे सगळं चांगलं झालं आणि अण्णांनाही ते चांगलंच वाटायचं, मी त्यांच्या तोंडून कधी जुन्याचं कौतुक ऐकलं नाही. चौदा तासांची ती रात्र ज्यानं काढली तो थंड व्हॅनला नावं कशाला ठेवील?

फक्त एकदा. मी पुण्याहून त्यांना स्वेटर पाठवला होता, कुरिअरनं. मोबाइलवर दिसत होतं, पार्सल निघालं, साताऱ्यात आलं, वाटपाला बाहेर पडलं. मी फोनवर त्यांना तेच वाचून दाखवत होते. ते म्हणाले, “आलं बघ, आत्ताच. पोरगं गेटावर ठेवून गेलं.” मग थोडा वेळ गप्प बसले. “तू कशी आहेस ते त्याला विचारायचं राहिलं,” असं म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

२०२०च्या टाळेबंदीत एसटीनं जुन्या बसेसची आसनं काढून त्यांतून माल वाहायला सुरुवात केली. अण्णा गेटाशी खुर्ची टाकून बसायचे. एक दिवस पत्र्यानं खिडक्या बंद केलेली लाल गाडी घाटातून वर आली. ते उठून उभे राहिले आणि ती वळणाआड जाईपर्यंत उभेच होते.

पुढच्या जुलैत वाईच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. पाऊस आठवडाभर हटत नव्हता. शववाहिकेत भाऊ मागं त्यांच्यापाशी आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी. पसरणी सोडलं तसं धुकं उतरलं. अर्ध्या घाटात गाड्यांची रांग लागली होती. दरडीची माती रस्त्यावर आली होती आणि जेसीबी ती ओढत होता. ड्रायव्हर तरुण होता, उतरून त्यानं कडेचा एक दगड उचलून मागच्या चाकाखाली सारला. तासाभरानं रांग हलली. मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले. तो चावी फिरवायला लागला.

मी दार उघडून खाली उतरले.

“मावशी, बसा, राहू द्या तो दगड.”

“तुम्ही घ्या गाडी वर. थांबू नका चढाला.”

गाडी पुढं सरली तसा दगड मोकळा झाला. खालून चिखलानं भरलेला आणि अपेक्षेपेक्षा जड. दोन्ही हातांनी उचलून मी तो कठड्याच्या कडेला नेऊन ठेवला. तोवर अण्णांची गाडी वळणापर्यंत गेली होती, धुक्यात मागचे दोन लाल दिवे तेवढे दिसत होते. मी हात साडीला पुसले आणि तिच्या मागनं चालायला लागले.